मंत्रांना हिशेबात बांधणारे गॅरी गायगॅक्स

जादूगार मंत्र उच्चारतो, बोटांची एक विशिष्ट खूण करतो आणि समोर अग्नीचा गोळा फुटतो. शत्रू भस्मसात होतो. पण त्याच क्षणी तो मंत्र जादूगाराच्या स्मरणातूनही पुसला जातो. पुन्हा तो हवा असेल तर रात्रभर विश्रांती घ्यायची, पहाटे पोथी उघडायची आणि नव्याने पाठांतराला बसायचे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातील जादूचा हा मूळ नियम कित्येक वर्षे जगभरातील खेळाडूंना मोहवत आणि चिडवतही राहिला. तो शब्दबद्ध केला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका छोट्या गावातील विमा कर्मचाऱ्याने. त्यांचे नाव अर्नेस्ट गॅरी गायगॅक्स.

जादूच्या गोष्टी जगात सर्वत्र आहेत. मात्र जादू रोज किती वापरता यावी, तिच्या तयारीला किती वेळ लागावा आणि ती फसली तर काय व्हावे, याचे कोष्टक मांडण्याचा उद्योग फारसा कोणी केला नव्हता. गायगॅक्स यांनी तो केला आणि त्यातून करमणुकीचा एक नवा प्रकार उभा राहिला. या प्रकाराने त्यांना कीर्ती दिली, पैसा दिला आणि पुढे स्वतःच उभारलेल्या कंपनीबाहेरचा रस्ताही दाखवला.

वडिलांच्या गोष्टी

गायगॅक्स यांचा जन्म २७ जुलै १९३८ रोजी शिकागो येथे झाला. वडील अर्न्स्ट हे स्वित्झर्लंडमधून अमेरिकेत आलेले व्हायोलिनवादक. शिकागोच्या नामांकित वाद्यवृंदात त्यांनी वादन केले होते. १९४६ साली हे कुटुंब आईच्या माहेरगावी, विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे राहायला आले. वडील झोपताना मुलाला जादूगार, अंगठ्या आणि राक्षसांच्या कहाण्या सांगत. पुढे मुलगा स्वतःच वाचू लागला आणि अद्भुतकथांची स्वस्त मासिके त्याच्या हाती पडली. बुद्धिबळाचा पट, पत्ते आणि ही मासिके यांतच त्याचे लहानपण गेले.

शाळेत मात्र त्याचे मन रमले नाही. १९५६ साली वडिलांचे निधन झाले. माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडून तो काही काळ नौसैनिकांच्या ‘मरीन्स’ दलात गेला. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव लवकरच परतला. १९५८ साली मेरी जो पॉवेल यांच्याशी त्याचा विवाह झाला. संसार वाढू लागला आणि उदरनिर्वाहासाठी गायगॅक्स यांनी शिकागोतील एका विमा कंपनीत नोकरी धरली. जोखीम तपासून विम्याच्या अटी ठरवणे हे त्यांचे काम. कोणत्या माणसाचा, कोणत्या मालमत्तेचा धोका किती, हे आकड्यांत मांडण्याची सवय त्यांना येथे लागली. त्यांनी पुढे लिहिलेली नियमांची पुस्तके पाहिली, की ही सवय वाया गेली नाही हे ध्यानात येते.

तोफखान्यातून आलेला जादूगार

दिवसा विम्याचे काम आणि रात्री युद्धखेळ, असा त्यांचा क्रम होता. टेबलावर शिशाच्या छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडायच्या, पट्टीने अंतर मोजायचे, फासे टाकायचे आणि इतिहासातील लढाया पुन्हा लढायच्या, असा हा छंद. १९६८ साली गायगॅक्स यांनी लेक जिनिव्हातील हॉर्टिकल्चरल हॉल ५० डॉलर भाड्याने घेऊन अशा छांदिष्टांचा मेळावा भरवला. ‘जेन कॉन’ या नावाने तो आजही भरतो आणि अमेरिकेतील या क्षेत्रातील मोठ्या मेळाव्यांत त्याची गणना होते.

१९७१ साली जेफ पेरेन यांच्या साहाय्याने त्यांनी ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढायांची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या शेवटी अद्भुतकथांतील राक्षस, ड्रॅगन आणि जादूगार यांच्यासाठी काही पाने जोडली होती. येथला जादूगार हा खरे तर रणांगणावरील तोफखानाच होता. त्याच्या अग्निगोलकाचा परिणाम मोठ्या गोफणयंत्राइतका आणि विजेच्या लोळाचा परिणाम अवजड तोफेइतका धरला होता. पुढे साऱ्या जगाला ‘फायरबॉल’ आणि ‘लायटनिंग बोल्ट’ या नावांनी परिचित झालेल्या मंत्रांचे मूळ असे युद्धखेळाच्या मोजपट्टीत आहे.

तोपर्यंत त्यांच्या घरची परिस्थिती बिकट झाली होती. १९७० साली विम्याची नोकरी सुटली होती. पाच मुलांचे कुटुंब चालवण्यासाठी गायगॅक्स घरातच बूट-जोडे दुरुस्तीचे काम करू लागले. उरलेला वेळ ते टंकलेखन यंत्रापुढे बसत.

याच सुमारास मिनेसोटातील तरुण डेव्ह आर्नेसन यांनी ‘चेनमेल’चे नियम घेऊन निराळाच प्रयोग चालवला होता. प्रत्येक खेळाडूकडे पलटणीऐवजी एकच पात्र. ते पात्र एका खेळातून दुसऱ्या खेळात जगत राहणार, अनुभवाने वाढणार आणि ‘ब्लॅकमूर’ नावाच्या काल्पनिक प्रदेशातील किल्ल्यांच्या तळघरांत साहस करणार. गायगॅक्स आणि आर्नेसन यांची ओळख १९६९ च्या मेळाव्यातली. १९७२ च्या अखेरीस आर्नेसन यांनी लेक जिनिव्हात येऊन हा खेळ दाखवला. कल्पनेची ताकद गायगॅक्स यांनी तत्काळ ओळखली. आर्नेसन यांच्या टिपणांवरून आणि स्वतःच्या कल्पनेतून त्यांनी प्रथम सुमारे ५० पानांचा आणि नंतर सुमारे १५० पानांचा मसुदा सिद्ध केला. त्याची चाचणी त्यांच्याच घरी झाली. मुलगा अर्नी आणि मुलगी एलिस हे पहिल्या खेळाडूंपैकी होते.

विस्मरणाचा नियम

या खेळाला ठरावीक पट लागत नाही. काही जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो समोरचे दृश्य वर्णन करतो, इतर जण आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जेथे निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. कोणी योद्धा होतो, कोणी पुरोहित, कोणी जादूगार. अडचण होती ती जादूगाराची. कथांमधील जादूगार हवे ते करू शकतो. तसाच तो खेळात आला असता, तर योद्ध्याला काही कामच उरले नसते आणि टेबलाभोवतीच्या इतरांनी केवळ पाहत बसायचे, अशी वेळ आली असती. त्याला अगदीच दुबळा केला असता, तर जादूगार कोणी झालाच नसता.

यावरचा तोडगा गायगॅक्स यांना जॅक व्हान्स या अमेरिकी कथाकाराच्या साहित्यात सापडला. व्हान्स यांचे ‘द डाइंग अर्थ’ हे पुस्तक १९५० साली प्रसिद्ध झाले होते. सूर्य विझत चाललेल्या दूरच्या भविष्यकाळात त्यातील कथा घडतात. एकेकाळच्या हजारो मंत्रांपैकी जेमतेम शंभराच्या वर मंत्र शिल्लक आहेत. मंत्र इतके अवजड, की माणसाच्या मेंदूत ते मोजकेच मावतात; निष्णात जादूगारालाही चार भारी किंवा सहा हलके मंत्रच धारण करता येतात. मंत्र उच्चारला की तो मनातून निघून जातो. जादूगाराचे सारे शहाणपण निघण्यापूर्वी कोणते मंत्र बरोबर घ्यावेत, या निवडीत असते.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. कर्णाला इंद्राकडून मिळालेली वासवी शक्ती एकदाच वापरता येणार होती. अर्जुनासाठी राखून ठेवलेली ती शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली आणि पुढचे युद्ध बदलले. गायगॅक्स यांच्या नियमाचा या कथेशी काही संबंध नाही. परंतु एकदाच वापरता येणारे अस्त्र कोणावर आणि केव्हा टाकावे, हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे. त्यांच्या खेळातील जादूगार रोज या पेचाला सामोरा जातो.

१९७३ च्या ऑक्टोबरमध्ये बालमित्र डॉन के यांच्यासह गायगॅक्स यांनी ‘टॅक्टिकल स्टडीज रूल्स’ ही भागीदारी सुरू केली. दोघांनी प्रत्येकी १,००० डॉलर घातले. के यांनी आपला वाटा विमा पॉलिसीवर कर्ज काढून उभा केला. पुढे ब्रायन ब्लूम यांनी २,००० डॉलर दिले आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे १,००० संच बाजारात आले. तीन पुस्तिकांच्या या संचाची किंमत १० डॉलर होती. लेखक म्हणून गायगॅक्स आणि आर्नेसन या दोघांची नावे होती. खोक्यांत पुस्तिका भरण्याचे काम घरच्या घरी चालले. वर्ष सरण्याच्या आत सर्व संच संपले.

या पहिल्या आवृत्तीत जादूचे नियम त्रोटक होते. तोच मंत्र दिवसात कितीही वेळा वापरता येतो काय, अशा शंका गावोगावच्या खेळाडूंना पडू लागल्या. तेव्हा एप्रिल १९७६ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या आपल्या नियतकालिकात लेख लिहून गायगॅक्स यांनी जादूपद्धतीची मीमांसा केली आणि व्हान्स यांचे ऋण उघडपणे मान्य केले. इतर कथांतील जादूला दीर्घ विधी लागतात. खेळात मात्र मंत्र झटपट उच्चारता यायला हवा. त्याच वेळी त्याला मर्यादाही हवी. या दोन्ही गरजा व्हान्स यांची कल्पना भागवत होती.

पाऊण तास, चिमूटभर गंधक

‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या विस्तारित रूपात हा नियम पूर्णत्वाला गेला. ‘प्लेअर्स हँडबुक’ १९७८ साली आणि ‘डंजन मास्टर्स गाइड’ १९७९ साली प्रसिद्ध झाले. जादूगाराच्या मंत्रांचे आता नऊ स्तर झाले होते. पहिल्या पातळीच्या नवख्या जादूगाराला दिवसाकाठी एकच मंत्र मिळे. त्याच्या अंगावर चिलखत नसे, हातात फार तर खंजीर किंवा काठी आणि प्राण चार बाजूंच्या फाशावर येतील तेवढे. एखादा साधा चोरही त्याला एका घावात लोळवू शके. तग धरून तो पाचव्या पातळीला पोहोचला, की पहिल्या स्तराचे चार, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचा एक मंत्र त्याला मिळे. अग्निगोलक याच तिसऱ्या स्तरात होता.

तयारीचाही हिशेब होता. तिसऱ्या स्तराच्या मंत्रासाठी आधी सहा तासांची विश्रांती. मग मंत्राच्या प्रत्येक स्तरामागे १५ मिनिटे पाठांतर. म्हणजे एकट्या अग्निगोलकाला पाऊण तास. पाचव्या पातळीच्या जादूगाराला सगळे सात मंत्र नव्याने घोकायला २ तास ४५ मिनिटे लागत. एकच मंत्र दोनदा हवा असेल, तर तो दोनदा पाठ करायचा आणि दुसऱ्या कशाची तरी जागा त्याला द्यायची. पोथी हरवली वा जळाली, तर जादूगाराची आयुष्यभराची कमाई बुडाली. शिवाय समोर आलेला प्रत्येक मंत्र शिकता येईलच, अशी खात्री नसे. सर्वोच्च म्हणजे १८ बुद्ध्यंक फाशांवर लाभलेल्या मानवी पात्रालाही ती शक्यता ८५ टक्केच होती. विम्याच्या कचेरीतील गणिताचा सराव येथे जागोजागी दिसतो.

मंत्रप्रयोगाची तीन अंगे होती: उच्चार, हातांची खूण आणि एखादा पदार्थ. तोंड बांधलेला किंवा हात जखडलेला जादूगार त्यामुळे निरुपयोगी ठरे. मंत्र पुरा होण्याआधी घाव बसला, तर मंत्र वाया जाई आणि स्मरणातूनही जाई. म्हणूनच योद्ध्याने पुढे उभे राहून जादूगाराचे रक्षण करावे लागे. दोघांना एकमेकांची गरज निर्माण झाली. या नियमाचा खरा हेतू तोच होता.

पदार्थांच्या यादीत गायगॅक्स यांची मिश्किल विनोदबुद्धी प्रकट होते. अग्निगोलकासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागे. अशा विष्ठेपासून सोरा मिळतो. तेव्हा ही जवळपास बंदुकीच्या दारूचीच कृती झाली. विजेच्या लोळासाठी फरचा तुकडा आणि अंबर किंवा काचेची कांडी. घर्षणाने वीज निर्माण करण्याचा शाळेतला प्रयोग तो हाच. दूरच्या साथीदाराशी कुजबुजण्यासाठी तांब्याची बारीक तार, अर्थात दूरध्वनी. अग्निगोलक बंदिस्त जागेत टाकला तर तो सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापेपर्यंत पसरे आणि उतावीळ जादूगारासह त्याच्या सोबत्यांनाही होरपळून काढी. विजेचा लोळ भिंतीवर आदळून उलटा फिरे. शक्ती मिळाली म्हणजे अक्कल मिळाली असे नाही, हा धडा अनेक खेळाडूंनी या दोन मंत्रांकडून घेतला.

मंत्रांच्या नावांतही घरचा खेळ जपला गेला. ‘टेन्सर’ हे अर्नेस्ट या नावाच्या अक्षरांची उलथापालथ करून बनलेले नाव. ते मुलगा अर्नी याच्या जादूगाराचे होते. ‘मेल्फ’ हे दुसरा मुलगा ल्यूक याचे पात्र. ‘मॉर्डेनकायनेन’ हा गायगॅक्स यांचा स्वतःचा जादूगार. खेळाच्या पुराणात आलेल्या ‘वेक्ना’ या दुष्ट महाजादूगाराच्या नावातील अक्षरे जुळवली, की व्हान्स हे नाव तयार होते.

आरोप आणि उत्तर

हा नियम सर्वांना मान्य नव्हता. आयुष्यभर विद्याभ्यास केलेला पंडित एकदा उच्चारलेला मंत्र विसरतोच कसा, हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला. १९७५ च्या ‘टनल्स अँड ट्रोल्स’ या खेळात मंत्रासाठी पात्राची ताकद खर्च होत असे. ‘रूनक्वेस्ट’नेही १९७८ साली शक्तीच्या गुणांचा मार्ग धरला. गुणांच्या पद्धतीला गायगॅक्स यांचा विरोध होता. गुण साठवून एकच प्रभावी मंत्र पुन्हा पुन्हा फेकला, तर विचारपूर्वक निवड करण्याचे कारणच उरत नाही, अशी त्यामागची भूमिका होती.

खरा आघात बाहेरून झाला. १९७९ साली मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि त्याचा संबंध या खेळाशी जोडून वृत्तपत्रांनी रकाने भरले. तो नंतर सापडला. त्याच्या जाण्यामागे खेळ नव्हता, हे त्याला शोधणाऱ्या खासगी गुप्तहेरानेच पुढे स्पष्ट केले. तोवर संशय पसरला होता. हा खेळ मुलांना प्रत्यक्ष जारणमारण शिकवतो, असा प्रचार काही धार्मिक आणि पालक संघटनांनी चालवला. १९८५ साली ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात गायगॅक्स यांना त्याला उत्तर द्यावे लागले. ज्या पोथीत मंत्राचे शब्दच नाहीत, केवळ त्याचे अंतर, कालावधी आणि फाशांची संख्या आहे, तिच्यावर जादूटोण्याचा आरोप व्हावा, ही त्या काळाची गंमत आणि शोकांतिकाही होती. या गदारोळाने खेळाची विक्री वाढली. पण गायगॅक्स यांच्या मनःस्थितीला त्याचा त्रास झाला.

कंपनीबाहेर

डॉन के यांचे जानेवारी १९७५ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी हृदयविकाराने निधन झाले होते. त्यानंतर कंपनीची मालकी हळूहळू ब्लूम कुटुंबाकडे झुकली. आर्नेसन यांच्याशी श्रेय आणि मानधन यांवरून वाद झाला. १९७९ साली ते न्यायालयात गेले आणि १९८१ साली तडजोड झाली. खेळाचा जन्म कोणाचा, हा प्रश्न त्यानेही मिटला नाही. पात्राच्या जीवनप्रवासाची मूळ कल्पना आर्नेसन यांची आणि तिला नियमांचे, विशेषतः जादूचे, शरीर देणारे गायगॅक्स, एवढे मात्र म्हणता येते.

१९८३ साली गायगॅक्स यांचा घटस्फोट झाला. त्याच काळात ते हॉलिवूडला गेले आणि खेळावर आधारित व्यंगचित्र मालिका सीबीएस वाहिनीवर आली. इकडे कंपनी कर्जात बुडत होती. परतल्यावर त्यांनी ती सावरण्याचा प्रयत्न केला. परंतु ब्लूम बंधूंनी आपले भाग लॉरेन विल्यम्स यांना विकले. ऑक्टोबर १९८५ मध्ये गायगॅक्स अध्यक्षपदावरून दूर झाले आणि पुढील वर्षी त्यांनी कंपनी सोडली. मॉर्डेनकायनेन, त्यांचा स्वतःचा जादूगार, कंपनीच्या मालकीचा राहिला. ‘यराग’, ‘झागिग’ अशी स्वतःच्या नावावर बेतलेली पात्रे मात्र त्यांच्याकडे राहिली.

त्यांनी लेखणी ठेवली नाही. १९८७ साली गेल कार्पेंटर यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. १९९२ साली त्यांचा ‘डेंजरस जर्नीज’ हा नवा खेळ आला. त्यावर जुन्या कंपनीने दावा ठोकला आणि तो खेळ बंद पडला. १९९७ साली ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ने जुनी कंपनी विकत घेतल्यावर कटुता कमी झाली. १९९९ साली त्यांनी ‘लेजेंडरी अॅडव्हेंचर’ हा खेळ प्रसिद्ध केला. २००४ साली पक्षाघाताचे झटके आले, तरी लेक जिनिव्हातील घरी मित्रमंडळींचे खेळ चालूच राहिले. ४ मार्च २००८ रोजी त्याच घरी वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीनंतर जमलेल्या सुहृदांनी टेबले मांडून खेळ खेळले. त्यातूनच ‘गॅरी कॉन’ हा वार्षिक मेळावा सुरू झाला.

त्यांनी कंपनी सोडल्यानंतर नियम बदलत गेले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत जादूगाराच्या शेजारी पोथीविना मंत्र वापरणारे स्वतंत्र पात्र आले आणि पाठांतराऐवजी तयारी हा शब्द रूढ झाला. जून २००८ च्या चौथ्या आवृत्तीने जुनी पद्धत बरीचशी मोडली. खेळाडूंचा मोठा वर्ग त्यावर नाराज झाला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. जादूगार सकाळी मंत्रांची निवड करतो. निवडलेला मंत्र वापरल्यावर विसरत नाही, पण तो वापरण्याची संधी मात्र खर्च होते. किरकोळ मंत्र हवे तितक्या वेळा म्हणता येतात. विस्मरण गेले, हिशेब राहिला.

जॅक व्हान्स यांचे २०१३ साली निधन झाले. त्यांच्या नावावरून या पद्धतीला ‘व्हान्शियन’ जादू म्हणतात आणि गायगॅक्स यांनी मोकळेपणाने दिलेल्या श्रेयाचा त्यात मोठा वाटा आहे. खेळाचे हक्क, पात्रांची मालकी आणि कंपनीची खुर्ची यांपैकी फारच थोडे गायगॅक्स यांच्या हाती उरले. मात्र आजही जगात कुठेतरी टेबलाभोवती बसलेला नवखा खेळाडू मंत्रांच्या यादीवर बोट ठेवून थबकतो. पुढच्या दालनात काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि निवड आत्ताच करायची असते. त्या थबकण्यातला विचार गायगॅक्स यांनी दिलेला आहे.